जुन्या कॅबिनेटात नवा मदरबोर्ड बसतो का? खानापूर तालुक्यातल्या एका सरांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचकांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलच्या संगणक खोलीत आठ जुने कॉम्प्युटर पडून आहेत. सहा असेम्बल केलेले, उभ्या कॅबिनेटचे. दोन ब्रँडेड, चपट्या अंगाचे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे आणि त्यातून नवे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम घ्यायचा विचार आहे. बेळगावातल्या एका दुकानात तुम्हाला सांगितलं की नवे बोर्ड जुन्या कॅबिनेटात बसत नाहीत, आठही कॅबिनेट नवीन घ्या. हे खरं का, आणि एटीएक्स, मायक्रो-एटीएक्स, मिनी-आयटीएक्स या बोर्डांच्या मापांतलं शाळेनं काय घ्यावं, हे तुम्ही विचारलंय. शिवाय एका कॉम्प्युटरवर मुलांना व्हिडिओ एडिटिंग शिकवायचंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. सहा उभी कॅबिनेट बहुतेक सगळी वापरता येतील. दोन ब्रँडेड डब्यांत दुसरा बोर्ड घालायच्या भानगडीत पडू नका. आणि कॅबिनेटचे जे पैसे वाचतील ते चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटातल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला लावा, तिथे काटकसर नको. दुकानदारानं तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. जुन्या कॅबिनेटात काम करायला वेळ जातो, पत्रा हाताला कापतो, वायरी शोधाव्या लागतात, आणि पुढे काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो. त्यापेक्षा नवीन डबा विकणं त्याला सोपं. पण शाळेच्या वर्गणीतला रुपया मोजून खर्च करायचा असतो, म्हणून जरा खोलात लिहितो.

मापाचं मूळ समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. १९८४ साली आयबीएमनं एटी नावाचा कॉम्प्युटर काढला आणि त्याच्या बोर्डाचं माप बाकीच्यांनी उचललं. पुढे त्याचा लहान भाऊ बेबी-एटी आला आणि नव्वदीच्या दशकात घरोघरी तोच होता. त्या काळात एसएमपीएसकडून बोर्डाला दोन वेगवेगळे प्लग यायचे. ते शेजारी शेजारी लावताना काळ्या वायरी मधे एकत्र आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली की बोर्ड जळालाच. समोरच्या बटणापर्यंत थेट घरातला २३० व्होल्टचा करंट यायचा. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स आणलं आणि हे सगळं सुधारलं. एकच प्लग, तोही उलटा न बसणारा. बटणावर फक्त हलका सिग्नल. कीबोर्ड, माऊस, प्रिंटरची सगळी तोंडं मागे एका ठरलेल्या चौकटीत. त्यानंतर प्रोसेसर कितीतरी बदलले, रॅम बदलली, स्लॉट बदलले, पण बोर्डाची भोकं आणि मागची चौकट तिथेच राहिली. तुमची कॅबिनेट किती जुनी आहेत याला म्हणून फारसं महत्त्व नाही. ती एटीएक्सच्या नियमानं बनवलेली आहेत का, एवढंच बघायचं.

हा नियम असा चालतो. गवंडी घराची आखणी करताना आधी एका कोपऱ्यात खुंटी ठोकतो आणि तिथून दोन्ही बाजूंना दोरी ताणतो. घर लहान असो वा मोठं, खुंटी हलत नाही. एटीएक्समध्ये ती खुंटी म्हणजे मागची चौकट आणि तिच्या शेजारचा कोपरा. त्या कोपऱ्यापासून बोर्ड खाली आणि पुढे वाढत जातो. पूर्ण एटीएक्स बोर्ड मागच्या पत्र्याच्या कडेनं ३०५ मिलिमीटर आणि आत पुढच्या बाजूला २४४ मिलिमीटर. १९९७ च्या अखेरीस आलेला मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, म्हणजे एटीएक्सचाच खालचा भाग कापलेला. व्हिया कंपनीनं २००१ मध्ये काढलेला मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. त्याला चारच भोकं, आणि ती चारही एटीएक्सच्या भोकांवरच पडतात. म्हणून लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटात कायम बसतो. मोठा बोर्ड लहान कॅबिनेटात बसत नाही, एवढीच खरी मर्यादा आहे.

आता तुमच्याकडची सहा कॅबिनेट तपासायची पद्धत सांगतो. त्यासाठी दुकानात जायची गरज नाही, मुलांनाही हाताशी घ्या, त्यांना आवडेल.

कॅबिनेट पाठमोरं ठेवा आणि कार्ड बसवायच्या आडव्या फटी मोजा, ज्यांच्यावर पातळ पत्र्या असतात. सात असतील तर कॅबिनेट पूर्ण एटीएक्सचं. चार असतील तर मायक्रो-एटीएक्सचं. एक-दोनच असतील तर मिनी-आयटीएक्सचं. या फटींमधलं अंतर सगळीकडे ०.८ इंच, म्हणजे २०.३ मिलिमीटर असतं, त्यामुळे नुसत्या मोजण्यानं काम भागतं. मग बाजूला लांबट आयताकृती खिडकी शोधा. ती साधारण १५९ मिलिमीटर लांब आणि ४४.५ मिलिमीटर रुंद असायला हवी. खिडकीच नसेल आणि कीबोर्डसाठी एक मोठं गोल भोक असेल, तर ते एटी काळातलं कॅबिनेट आहे, भंगारात द्या. शेवटी समोर उभं राहून डाव्या हाताचा पत्रा काढा. आत बोर्ड समोर दिसला तर ठीक. उजव्या हाताचा पत्रा काढल्यावर बोर्ड दिसत असेल तर सावध व्हा. इंटेलनं २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचं उलटं माप बाजारात आणलं होतं, कारण त्या काळचे पेंटियम-४ प्रोसेसर फार तापायचे आणि हवा सरळ रेषेत खेळवायची होती. पुढे कमी तापणारे प्रोसेसर आले आणि दोन-तीन वर्षांतच इंटेलनं ते गुंडाळलं. पण त्या काळातले काही ब्रँडेड टॉवर अजून शाळा-ऑफिसांत सापडतात. त्यात आजचा कुठलाच बोर्ड जात नाही.

तुम्ही फोटो दिलाय त्यात चार फटी दिसतात, म्हणजे निदान ते एक तरी मायक्रो-एटीएक्सचं आहे. शाळेला तसंही मायक्रो-एटीएक्सच बोर्ड लागणार. ते सगळ्यांत स्वस्त, बाजारात सगळ्यांत जास्त, आणि नादुरुस्त झाले तर बदली बोर्ड लगेच मिळतो. मिनी-आयटीएक्स दिसायला सुबक असतो, पण त्याच दर्जाचा बोर्ड महाग पडतो, रॅमला दोनच जागा, कार्डाला एकच. जागेची अडचण असेल तिथे त्याचा उपयोग. तुमच्या खोलीत जागेची अडचण नाही. ई-एटीएक्स या एटीएक्सहून मोठ्या मापाच्या वाटेला तर जाऊच नका. त्याचं मूळ माप ३०५ बाय ३३०, पण त्याच नावानं २७० मिलिमीटरच्या आसपासचे बोर्डही सर्रास विकले जातात, त्यामुळे तिथे नावावर विसंबता येत नाही, टेप लावावीच लागते.

मायक्रो-एटीएक्समध्येही एक गोष्ट ध्यानात ठेवा. २४४ बाय २४४ ही कमाल मर्यादा आहे. स्वस्त बोर्ड त्यापेक्षा अरुंद बनवतात, कित्येक तर दोनशे मिलिमीटरपेक्षाही कमी. अशा बोर्डाला आठ-नऊच्या ऐवजी सहाच भोकं असतात आणि रॅमकडची कड अधांतरी राहते. नवखा माणूस रॅम दाबताना किंवा २४ पिनांचा जाड प्लग खोचताना बोर्ड वाकवतो आणि आतली बारीक तांब्याची रेघ तुटते. बोर्ड वरून धड दिसतो, पण चालू होत नाही. रॅम आणि मोठा प्लग लावताना बोर्डाच्या त्या कडेखाली दोन बोटं धरून आधार द्यायला मुलांना शिकवा. बोर्ड कॅबिनेटात घालण्याआधी टेबलावर त्याच्याच खोक्यावर ठेवून रॅम, प्रोसेसर, पंखा बसवून घेतला तर उत्तमच.

बोर्डाखाली जे पितळी षटकोनी बोल्ट असतात, ज्यांना दुकानात स्टँडऑफ म्हणतात, त्यांचं काम जपून करायचं असतं. जुना बोर्ड निघाला की ते जुन्या भोकांवर तसेच उभे राहतात. नवा बोर्ड वर ठेवून सरळ बसवायची घाई केली, आणि एखादा बोल्ट भोकाशिवायच्या जागी बोर्डाच्या पाठीला टेकला, तर थेट शॉर्ट. एसएमपीएस झटक्यात बंद पडतो, पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, आणि सगळे समजतात नवा बोर्डच खराब आला. म्हणून आधी सगळे स्टँडऑफ काढा, नवा बोर्ड पत्र्यावर धरून भोकं बघा, आणि फक्त त्याच जागी ते लावा. मायक्रो-एटीएक्सची एक-दोन भोकं पूर्ण एटीएक्सपेक्षा वेगळ्या जागी असतात, पण बहुतेक कॅबिनेटांच्या पत्र्यात दोन्हींसाठी आटे पाडलेले असतात. काही स्वस्त कॅबिनेटांत स्टँडऑफच नसतात, पत्रा दाबून त्याचेच उंचवटे काढलेले असतात. असा एखादा उंचवटा नव्या बोर्डाच्या भोकाखाली येत नसेल तर त्यावर चिकटपट्टी लावून भागवू नका. तो हातोडीनं दाबून सपाट करा किंवा ते कॅबिनेट बाजूला ठेवा. उन्हाळ्यात चिकटपट्टी ओघळते.

स्क्रूंचंही तसंच. स्टँडऑफच्या आत बहुधा सहा-बत्तीस नावाचा अमेरिकन आटा असतो, साडेतीन मिलिमीटर जाड आणि इंचाला बत्तीस फेरे. काही स्टँडऑफांत मात्र एम-३ हा मेट्रिक आटा असतो, जो त्याहून बारीक. एम-३ च्या भोकात सहा-बत्तीसचा स्क्रू जोर लावून फिरवला तर आटा मरतो, आणि पुढच्या वेळी स्क्रू काढताना खालचा स्टँडऑफच गरगर फिरायला लागतो. एसएमपीएस आणि मोठ्या हार्ड डिस्कला सहा-बत्तीस, एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला एम-३, हे पाठ करून ठेवा. सहाही यंत्रांचे स्क्रू एकाच डबीत टाकू नका. तुमचे कुणी माजी विद्यार्थी बेळगावच्या उद्यमबाग कारखाना भागात टर्नर किंवा फिटर असतील तर त्यांच्याकडून मेलेले आटे नीट करून घेता येतात, पण सहा-बत्तीसचा टॅप त्यांच्याकडे असेलच असं नाही, तिथलं काम सगळं मेट्रिकमध्ये चालतं. एम-३ चे स्टँडऑफ आणि स्क्रू सरसकट बदलून टाकणं मग सोपं.

मागच्या खिडकीत बसते ती पत्री, जिला आयओ शील्ड म्हणतात, ती कॅबिनेटबरोबर येत नाही, बोर्डाच्या खोक्यात येते. प्रत्येक बोर्डाची तोंडं वेगळ्या जागी, म्हणून पत्रीही वेगळी. जुनी पत्री आतल्या बाजूला ढकलून काढा, नवी आतून चेपून बसवा, मग बोर्ड घाला. हा क्रम चुकला तर सगळं परत उचकटावं लागतं. आणि ही पत्री नसली तरी चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्या भागात तर मुळीच नाही. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात पालींना ऊब हवी असते आणि चालू कॉम्प्युटर ही त्यांची आवडती जागा. पाल एसएमपीएसमध्ये किंवा बोर्डावर गेली की ती मरते आणि बोर्डही मरतो. मुंग्या, झुरळं, कुंभारमाशीची मातीची घरं, हे सगळं मी उघड्या खिडकीच्या कॅबिनेटांतून काढलेलं आहे. कार्डाच्या रिकाम्या फटींच्या पत्र्याही जुन्या कॅबिनेटांत बहुधा मोडून टाकलेल्या असतात. त्या विकत मिळतात. न मिळाल्यास बारीक जाळी कापून आतून स्क्रूनं लावा. फक्त हवेची वाट बंद करू नका.

हवेचं सांगायचं तर जुन्या कॅबिनेटांत बाजूच्या पत्र्याला आतून एक प्लास्टिकचं नळकांडं बसवलेलं असतं, बरोबर प्रोसेसरच्या समोर. पेंटियम-४ च्या दिवसांत बाहेरची थंड हवा थेट प्रोसेसरच्या पंख्यावर यावी म्हणून इंटेलनं ते सुचवलं होतं. बाजारात अशा डब्यांना ३८ अंशाची कॅबिनेट म्हणायचे. आजच्या साध्या प्रोसेसरला ते लागत नाही, आणि नव्या पंख्याला ते अडतंसुद्धा. स्क्रू काढून नळकांडं फेकून द्या. प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा पंखा पन्नास मिलिमीटरच्या आसपास उंच असतो, तो कुठेही मावतो. उंच टॉवर कूलर मात्र दीडशे मिलिमीटरच्या पुढे जातात आणि जुन्या अरुंद कॅबिनेटांचं झाकण मग लागत नाही. शाळेला असे कूलर लागतही नाहीत. एक पंखा पुढून हवा घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा, एवढं पुरे. जुन्या डब्यांत मागे बहुधा ८० मिलिमीटरच्या पंख्याची जागा असते, तोच घ्या. पुढच्या पंख्यासमोर बारीक जाळी लावा आणि ती धुवा. निपाणीच्या वखारींतल्या कॉम्प्युटरांत तंबाखूची चिकट धूळ आणि उद्यमबागेच्या फाउंड्रीजवळच्या ऑफिसांत लोखंडाची काळी भुकटी साचते. तुमच्याकडे खडूची पांढरी धूळ असणार. कोरडी असेपर्यंत ती त्रास देत नाही, पण जुलैतल्या ओलीत तीच बोर्डावर थर धरते. सुट्टीतही आठवड्यातून एकदा सगळे कॉम्प्युटर तासभर चालू ठेवायला शिपायाला सांगून ठेवा, आतली ओल उडून जाते.

आता एसएमपीएस. याबाबत मी जरा आग्रही आहे.

जुन्या कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस आकारानं आजच्या एसएमपीएससारखाच असतो यात शंका नाही. १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच, चार स्क्रू, हे १९९५ पासून तसंच आहे. अडचण आतल्या शक्तीची आहे. पूर्वीचे प्रोसेसर ५ व्होल्टच्या लाइनवरून ओढायचे. पेंटियम-४ पासून तो भार १२ व्होल्टवर आला. मोठा प्लग आधी २० पिनांचा होता, २००३ मध्ये २४ पिनांचा झाला. प्रोसेसरचा वेगळा प्लग आधी चार पिनांचा, आता पुष्कळ बोर्डांवर आठ पिनांचा. जुन्या एसएमपीएसच्या लेबलवर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्याच लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, एवढीच त्याची खरी कामाची ताकद, तीही नवा असताना. शाळेचा साधा कॉम्प्युटर, ग्राफिक्स कार्ड नसलेला, साधारण शंभर वॅटच्या आत भागतो, त्यामुळे तो कदाचित चालूही होईल. पण आतले कपॅसिटर फुगलेले असतात, व्होल्टेज डळमळतं, आणि तुमचा नवा बोर्ड वर्षभरात गेला की दोष बोर्डाला लागतो. शिवाय काही जुने एसएमपीएस नव्या प्रोसेसरची झोप सहन करत नाहीत. प्रोसेसर अगदी कमी करंट ओढायला लागला की ते स्वतःच बंद पडतात आणि मुलं म्हणतात, कॉम्प्युटर झोपला तो उठलाच नाही.

सहाही कॅबिनेटांना नवे एसएमपीएस घ्या. ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याची) खूण असलेला, ४०० ते ४५० वॅटचा, वॉरंटी असलेला. त्याहून मोठा नको. जाड चार पिनांच्या जुन्या प्लगवरून साटा, म्हणजे डिस्कला लागणारा चपटा प्लग, काढणारी वेगळी वायर घेऊन काम भागवू नका, विशेषतः ओतीव प्लास्टिकच्या तोंडाची. ती तापून जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. बोर्डावरच बसणारी एम.२ एसएसडी घेतली तर वायरचा प्रश्नच मिटतो.

याच्याबरोबर खोलीचं अर्थिंग बघून घ्या, कारण ते कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेलं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर मेनच्या निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, उभं राहतं. हात लावला की झिणझिण्या येतात. करंट अगदी थोडा असतो, पण अनवाणी मुलगा ओल्या फरशीवर उभा राहून यूएसबी खोचतो तेव्हा झटका लागतो, आणि पेन ड्राइव्हपासून मॉनिटरच्या पोर्टपर्यंत काहीही जाऊ शकतं. खानापूरच्या पश्चिमेला जमिनीत जांभा लागतो, उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत होते आणि जुने अर्थिंगचे खड्डे कामच करत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग किंवा वायरिंग तपासायलाच हवं. खड्डा असेल तर त्यात मार्च ते मे पाणी घालत राहा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालणं तर पूर्ण बंद करा.

समोरच्या बटणाच्या आणि दिव्याच्या वायरींबद्दल थोडक्यात. पॉवर आणि रीसेटच्या दोन पिनांच्या वायरी कशाही लावल्या तरी चालतात. दिव्यांना मात्र धन-ऋण असतं. पेटला नाही तर उलटा करा. जुन्या कॅबिनेटातला पॉवरच्या दिव्याचा प्लग बऱ्याचदा तीन जागांचा असतो, मधली जागा रिकामी. नव्या बोर्डावर दोन पिना शेजारी शेजारी असतात. टाचणीनं प्लगमधली प्लास्टिकची जीभ उचलून एक वायर मधल्या घरात सरकवा, काम झालं. जुना यूएसबी २.० चा प्लग नव्या बोर्डावर आजही बसतो. अगदी जुन्या कॅबिनेटात यूएसबीच्या वायरी सुट्या एकेका पिनेच्या असतात. त्या चुकून उलट्या लागल्या तर पोर्ट जळतो, त्यापेक्षा त्या लावूच नका, मागचे पोर्ट वापरा.

ब्रँडेड दोन डब्यांचं बघू. बेंगळुरू, पुण्याच्या मोठ्या ऑफिसांतून निघालेले असे चपटे कॉम्प्युटर आपल्याकडे पुष्कळ येतात, आणि वस्तू म्हणून ते चांगले असतात. पण ते एटीएक्सच्या नियमात बसत नाहीत. बोर्डाचा आकार कंपनीचा स्वतःचा, मागची चौकट बऱ्याचदा कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली, एसएमपीएस लांबट आणि त्याचा प्लग सहा किंवा आठ पिनांचा, बटणाची वायर वेगळी, कधी पंख्याचा प्लगही वेगळा. त्यातला बोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधावा लागतो. तुमचे ते दोन अजून चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना आहे तसं ठेवा. साटा एसएसडी घाला, रॅम आठ जीबी करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर चालत नाही, म्हणून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग त्यात छान होतं.

व्हिडिओच्या यंत्रासाठी सहापैकी सात फटींचं एखादं कॅबिनेट निघालं तर ते निवडा. ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी मागच्या पत्र्यापासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २४० मिलिमीटर, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे. जुन्या डब्यात पिंजरा आडवा येतो. कार्डाची जाडी दोन फटी खाते, हेही धरा. पण खरं सांगायचं तर शाळेच्या पातळीच्या एडिटिंगला सुरुवातीला कार्ड घेऊच नका. इंटेलच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स व्हिडिओ कापाकापीला चांगली मदत करतं. त्याऐवजी सोळा जीबी रॅम घाला. मात्र प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ नसल्याची खात्री करा. एफवाल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं आणि कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच येत नाही. ते थोडे स्वस्त असतात म्हणून कोटेशनमध्ये हमखास दिसतात.

दुकानात गेल्यावर एवढं मागा: मायक्रो-एटीएक्स बोर्ड, एच६१० (इंटेल प्रोसेसरसाठी) किंवा ए५२० (एएमडी प्रोसेसरसाठी) वर्गातला, भोकं जमल्यास आठ, खोक्यात आयओ शील्ड आहे हे उघडून बघितलेलं. अलीकडे काही बोर्डांचे सगळे प्लग पाठीमागच्या बाजूला असतात. ते जुन्या कॅबिनेटात चालत नाहीत, तसा चुकून घेऊ नका. सहा बोर्ड एकदम घेऊ नका. एक बोर्ड, एक प्रोसेसर, एक एसएमपीएस आणा, सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या कॅबिनेटात तो बसवा आणि आठवडाभर चालवून बघा. तो बसला तर बाकीच्या पाचांत अडचण येणार नाही. मग उरलेले पाच त्याच मॉडेलचे मागवा, म्हणजे एखादा बंद पडला तर शेजारच्या यंत्रातली रॅम किंवा एसएमपीएस लावून दोष कुठे आहे हे तुम्हाला शाळेतच कळेल, त्यासाठी बेळगावची फेरी घालावी लागणार नाही.